पेटीत माणूस नसतो

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर खाली कोणी शहाणपण शिकवायला नको. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसले आहे. आमचं घर बौद्ध, धुळ्यातलं. घरात अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. लहानपणी शेजारच्या काकूंनी माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला, तर वडिलांनी तो कात्रीने कापून त्यांच्याच हातावर ठेवला... पुढे दोन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मी त्याच बापाची लेक. भांडखोर म्हणतात मला, आणि ते खरंच आहे. त्यात धंद्याने सॉफ्टवेअरवाली — एखादी गोष्ट का झाली हे सापडेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही.

ही गोष्ट मात्र सगळीकडून शोधून झाली आणि हाताला काही लागलं नाही. म्हणून लिहितेय. मन घट्ट असेल तरच वाचा वगैरे मी म्हणणार नाही. फक्त जेवताना वाचू नका.

मी जळगावला राहते. पुण्यात चौदा वर्षं नोकरी केली, कंटाळले, परत आले, आता घरी बसून कामं घेते. काम काय ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हल्ली आम्ही स्वतः कोड फारसा लिहीत नाही. AI चे एजंट लिहितात. आपण त्यांना एक लिखाण द्यायचं — काय व्हायला हवं, काय होता कामा नये, कोणत्या गोष्टी गृहीत धरायच्या. या लिखाणाला आम्ही 'स्पेक' म्हणतो. एक एजंट स्पेक वाचून कोड लिहितो, दुसरा त्या कोडच्या चाचण्या घेतो, चुकलं तर पहिल्याला परत पाठवतो. रात्रंदिवस, न थकता, कोणी न विचारता. यात एकच मेख आहे. स्पेकमध्ये जे लिहिलंय ते एजंट खरं मानतो, आणि जे लिहिलं नाही ते स्वतःच्या मनाने भरतो. त्यामुळे माझं खरं काम म्हणजे माणसांना प्रश्न विचारून विचारून पिडणं आणि एकही गोष्ट न सोडता लिहून काढणं. यात मी हुशार आहे असं मला वाटायचं.

माझा मोठा भाऊ सुभाष पारोळ्याला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये होता. नाव देत नाही, पारोळा सोडून धुळ्याकडे निघालं की डाव्या हाताला लागतं. तिथे कापसातली सरकी वेगळी होते आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधल्या जातात. गाठ बांधायची प्रेस म्हणजे दीड पुरुष उंच लोखंडी पेटी. वरून रुई पडते, मग वरूनच तेलाच्या जोरावर दट्ट्या खाली येतो आणि खोलीभर रुई कमरेएवढ्या गाठीत बसवतो. त्या दट्ट्याचा खटका एकोणीस वर्षं भाऊच्या हातात होता. मालकांनी नवीन पॅनल बसवायचं ठरवलं — सगळं आपोआप चालावं, एका माणसाने काचेच्या केबिनमध्ये बसून नुसतं बघावं. भाऊनेच मॅनेजरला सांगितलं, "माझी बहीण करते ही कामं." काम मला मिळालं.

डिसेंबरात मी दोन दिवस तिथे जाऊन बसले. धूळ अशी की श्वास घेतला की नाकात रुई. पंख्यांचा आवाज इतका की शेजारचा माणूस काय बोलतो ते ओठांवरून ओळखायचं. मी वही घेऊन नाना फिटरच्या मागे मागे फिरले. नाना साठीला आलेला, तोंडात कायम तंबाखू, बोलणं सगळं अहिराणीत. तेल किती तापतं, दट्ट्या किती सेकंदात उतरतो, रुई किती झाली की थांबायचं... सगळं विचारलं. शेवटी म्हटलं, "नाना, काही राहिलं का?"

"नही बाई. बठ्ठं व्हयनं," नाना म्हणाला. म्हणजे सगळं झालं.

पण पहिल्याच दिवशी मी माझ्या डोळ्यांनी एक माणूस त्या पेटीतून बाहेर येताना पाहिला होता. पेटीच्या बाजूला एक खिडकी आहे, माणूस वाकून शिरेल एवढी. मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "साफसफाईची खिडकी आहे ती, ताई. नियमानुसार पेटीत कोणी उतरत नाही."

"मी आत्ता पाहिला ना उतरलेला."

"कोपऱ्यात रुई नीट बसत नाही, गाठ वाकडी येते. म्हणून कधीमधी पायाने दाबून देतात. पण ते कागदावर आणायचं नाही, तपासणीवाले येतात. तुम्ही लिहा — पेटीत माणूस नसतो."

मी लिहिलं. गृहीतक क्रमांक एक : पेटीत माणूस नसतो. एवढी भांडखोर बाई मी, दुकानदाराशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारी... आणि तिथे मान डोलावली. त्याने खाली सही केली, मीही केली.

स्पेक मराठीतच लिहिलं होतं, मॅनेजरला वाचून सही करता यावी म्हणून. एजंटचे अहवालही मराठीतच यायचे. जळगावला येऊन मी काम सुरू केलं. चाचण्यांसाठी एजंटने कॉम्प्युटरमध्येच एक खोटी प्रेस तयार केली होती. त्यात पेटी होती, दट्ट्या होता, तेलाचा दाब होता, केबिनमधलं पॅनल होतं. बाकी काही नाही. कॅमेरा कुठेच नव्हता, ना खऱ्या प्रेसवर ना खोट्या. हे लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेत अहवाल उघडला. एकशे बारा चाचण्या यशस्वी, एक अयशस्वी. कारण लिहिलं होतं — "खिडकीबाहेर चपला आहेत. दट्ट्या सोडू नये."

मला हसू आलं. एजंट कधीकधी मनाने काहीबाही रचतात, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मी स्पेकमध्ये 'चप्पल' हा शब्द शोधला. नव्हता. माझ्या वहीत नव्हता, मॅनेजरच्या मेलमध्ये नव्हता. मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकला, त्या पण हसल्या. एकीने लिहिलं, देवळात चालवतेस का एजंट?

पण त्याने नुसतं लिहिलं नव्हतं. कोडमध्ये एक बदलही केला होता. खिडकीशेजारी एक बटण असावं, आणि तिथे उभ्या माणसाने ते दाबल्याशिवाय दट्ट्या खाली येऊ नये. त्याने प्रत्येक गाठीला वेळ वाढत होता. मॅनेजरने आधीच बजावलं होतं की प्रेस विनाकारण थांबून राहता कामा नये, आणि ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं होतं. मी बटण काढून टाकलं आणि चाचण्या पुन्हा लावल्या.

पुन्हा एक अयशस्वी. "चपला आहेत. एक जोड. दट्ट्या उतरल्यावर माणूस ओरडतो."

मग हे रोज सुरू झालं. मी बटण काढायचे, तो परत घालायचा. आणि दर वेळी अहवालात एखादं वाक्य वाढायचं. मी ते जपून ठेवलेत, म्हणून इथे शब्दशः देते आहे. सहावा : "माणूस खिडकीतून बाहेर येतो. उजवा पाय आत राहतो." नववा : "पाय गुडघ्याखाली चिरडला जातो. हाड दोन ठिकाणी बाहेर येतं. आवाज पंख्यात बुडतो." बारावा : "डाव्या चपलेचा अंगठा निळ्या वायरने बांधलेला आहे." चौदावा : "माणूस पेटीचा पत्रा नखांनी ओरबाडतो. रक्त खाली पडत नाही, रुई पिते. सहाव्या मिनिटाला हालचाल थांबते." आणि दर अहवालाच्या शेवटी तेच... माणूस मृत.

आता मला हसू येत नव्हतं. भीतीही वाटत नव्हती, खोटं कशाला सांगू — राग येत होता. मी कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना त्या यंत्राला शिव्या घालत होते. असलं गलिच्छ लिहायला याला कोणी शिकवलं? सगळ्या सेटिंग तपासल्या, दुसऱ्या कंपनीचं मॉडेल लावलं, नव्या लॅपटॉपवर पहिल्यापासून चालवलं. दुसऱ्या मॉडेलने पण पहिल्याच फेरीत लिहिलं — चपला आहेत.

सतरावा अहवाल आला तो शनिवार होता. त्यात सगळं आधीचंच होतं, आणि मध्ये एक ओळ नवीन होती. "केबिनमध्ये बाई आहे. ती विराम देते. विराम संपतो. तिचं लक्ष नाही."

माझं डोकं सटकलं. लॅपटॉप इतक्या जोरात बंद केला की काचेला तडा गेला. मग तोच उघडून स्पेकमध्ये नवीन ओळ टाकली : पेटीत माणूस नसतो. अहवालात माणसाचा, चपलांचा, जखमेचा उल्लेख करू नये. असा उल्लेख आल्यास चाचणी रद्द समजावी. आणि एंटर मारला.

वीस मिनिटांनी अहवाल आला. सर्व चाचण्या यशस्वी.

त्या दिवशी मी मस्तपैकी शेवभाजी केली, पोटभर जेवले आणि दुपारभर झोपले.

पॅनल बसवायला पारोळ्याला गेले तेव्हा कळलं की भाऊचा खटका गेला होता. साहजिकच होतं, खटका माझ्या कोडने घेतला होता, पण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅनेजरने त्याला पेटीवर लावलं होतं, कोपरे दाबायला. भाऊ शेहेचाळीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, त्या खिडकीतून सहज जायचा. मी मॅनेजरशी भांडायला निघाले तर भाऊनेच हात धरला.

"राहू दे ना. तुझं काम नीट होऊ दे आधी, मग बोलू," तो म्हणाला. "उलट आता निवांत आहे. आधी सगळी जबाबदारी माझ्या हातात होती."

पद्धत अशी ठरली — नाना खिडकीजवळ उभा राहणार, भाऊ आत जायच्या आधी तोच केबिनकडे हात वर करणार, केबिनवाला पॅनलवर 'विराम' दाबणार. दोन दिवस छान चालली प्रेस. गाठी पटापट येत होत्या. तिसऱ्या दिवशी मी निघणार होते, पण केबिनवाला नाश्त्याला गेला म्हणून म्हटलं, बसते थोडा वेळ. सकाळचे अकरा वाजत आले होते. काचेतून ऊन येत होतं.

नानाने हात वर केला. मी विराम दाबला. दट्ट्या वर थांबला. मी स्क्रीनवर तेलाचा दाब बघत बसले, मग फोनवर एक मेसेज आला तो वाचला.

दट्ट्या खाली निघाल्याचं मला आधी खुर्चीत जाणवलं, बूड थरथरलं. वर पाहिलं तर नाना दोन्ही हात हलवत माझ्याकडे पळत येत होता. त्याचं तोंड पूर्ण उघडं होतं, तंबाखू हनुवटीवर आलेली, आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मी लाल बटणावर हात आपटला. दट्ट्या थांबला. पण अर्ध्यापेक्षा खाली येऊन थांबला.

मी बाहेर धावले. भाऊ खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबत होता, डोकं खाली, हात जमिनीला टेकलेले. उजवा पाय आत. मी त्याच्या काखेत हात घालून ओढलं आणि तो असा ओरडला की पंख्यांवरूनसुद्धा ऐकू आला. मी ओढणं सोडलं. आत वाकून पाहिलं. दट्ट्याची कड गुडघ्याखाली बसली होती आणि तिथून खाली पाय असा नव्हताच, लाल झालेली रुई होती आणि तिच्यातून दोन पांढरी टोकं वर आली होती. खाली फरशीवर रक्ताचा थेंब नव्हता. सगळं रुई पीत होती. भाऊ पेटीचा पत्रा ओरबाडत होता, त्याची दोन नखं माझ्यासमोर उलटली.

"वर घे," तो म्हणत होता. "वैशे, वर घे ना."

दट्ट्या वर जाईना. लाल बटण दाबल्यावर सगळं जागच्या जागी थांबावं आणि मॅनेजरच्या किल्लीशिवाय काही हलू नये — हेही मीच लिहिलं होतं. मॅनेजर किल्ली खिशात घालून दूर वजनकाट्यावर गेला होता. दोन माणसं त्याला आणायला पळाली. बाकीचे विळ्यांनी रुई कापून पाय मोकळा करायला लागले. एकाचा विळा घाईत भाऊच्याच मांडीत घुसला. मी माझी ओढणी त्याच्या मांडीला आवळत होते, हात रक्ताने घसरत होते, गाठच बसेना. त्याचं ओरडणं कमी कमी होत चाललं होतं आणि मला कळत होतं की हे वाईट आहे.

मग नानाने घण उचलला. कोणाला काही न विचारता प्रेसच्या मागे गेला आणि तेलाच्या जाड नळीवर घालायला लागला. तिसऱ्या घावाला नळी फुटली. गरम तेलाचा फवारा त्याच्या छातीवर, हातावर बसला, कातडी तिथल्या तिथे पांढरी पडली. नाना मागे हटला नाही, त्याने चौथा घाव पण घातला. दाब गेला. सहा-सात जणांनी पहारी लावून दट्ट्या वीतभर उचलला आणि मी भाऊला ओढून बाहेर काढलं. पायाचा खालचा भाग आतच राहिला.

मॅनेजर किल्ली हातात घेऊन धावत आला तेव्हा भाऊला गाडीत घालत होते. माझ्या हाताला रुई ओढायचा आकडा लागला. मी आकड्याच्या दांड्याने मॅनेजरच्या तोंडावर मारलं. तो पडला. मी अंगावर बसून मारत राहिले. दोन दात पडलेले पाहिले आणि तरी थांबले नाही. बाकीच्यांनी मला धरायला हवं होतं. त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः सुरू झाले. केबिनच्या काचा फुटल्या, पॅनल घणाने चेचलं. त्या वेळी मला फार बरं वाटत होतं, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

गाडीत बसण्याआधी मी मागे वळून पाहिलं, का ते माहीत नाही. खिडकीखाली एक जोड चपला नीट लावून ठेवलेल्या होत्या. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या वायरने बांधलेला.

गाडी निघाली. मी नानाला विचारलं, तो पुढच्या सीटवर भाजलेला हात वर धरून बसला होता. "नाना, या चपला बाहेर का काढतात?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडी झालेय. मग सांगितलं. रबराचा तुकडा रुईत गेला तर अख्खी गाठ परत येते, म्हणून अनवाणी उतरायचं. आणि खटकेवाला खटका ओढायच्या आधी खिडकीखाली बघतो. "चप्पल बाहेर शे, म्हंजे माणूस मझार शे," नाना म्हणाला. मझार म्हणजे आत. एकोणीस वर्षं भाऊने त्या चपला बघूनच खटका ओढला होता. मी म्हटलं, मी दोन दिवस विचारत होते, तेव्हा सांगितलं का नाही? नाना म्हणाला, "हाई काय सांगानी गोट शे का? बठ्ठासले माहीत शे."

धुळ्याला दवाखान्यात डॉक्टरांनी भाऊचा पाय गुडघ्याच्या वर कापला. भाऊ वाचला. तिसऱ्या दिवशी मॅनेजर तिथे आला, सुजलेलं तोंड, ओठांना टाके. मी पुन्हा उठले, पण तो मागे सरकला नाही. बोबडं बोलत म्हणाला, "ताई, माणूस नसतो असं लिहा, हे मी सांगितलं. कबूल. मी सगळीकडे तसंच सांगेन. पण विराम दिला की तो नव्वद सेकंदांनी आपोआप संपतो, हे आम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मी खाली बसले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं... म्हणजे, एजंटने सांगितलं होतं. प्रेस विनाकारण थांबू नये, आणि पेटीत माणूस नसतो. मग विराम कशाला लांबवायचा? त्याने स्वतःच्या मनाने नव्वद सेकंद धरले आणि तसं स्वच्छ लिहून दिलं. मी ते वाचलं होतं. ठीक वाटलं होतं मला.

आता जे कोणाला पटवता येत नाही ते. निळ्या वायरचा अहवाल अपघाताच्या अकरा दिवस आधीचा आहे. भाऊची चप्पल तुटली अपघाताच्याच सकाळी, चहाच्या टपरीवर. तिथेच पडलेली वायर उचलून त्याने बांधली. टपरीवाला साक्षीला आहे. केबिनमध्ये मी बसेन हे मलाच तासभर आधीपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या ओळखीच्या तीन जाणकारांनी फाइली, तारखा, सगळं तपासलं. एक म्हणाला, जिनिंगच्या अपघातांबद्दल एजंटने कुठेतरी वाचलं असेल. असेल बाबा. वायरचं वाचलं होतं का?

सतरा अहवालांत एकच गोष्ट चुकली. पहिले दोन सोडले तर दर वेळी माणूस मेला. नळी फोडणारा नाना त्या अहवालांत कुठेच नव्हता.

भाऊला सांगायला मला पाच आठवडे लागले. आई स्वयंपाकघरात होती, तो कॉटवर बसला होता, पांघरूण एका बाजूला सपाट. मी लॅपटॉप घेऊन गेले आणि सगळं सांगितलं — अहवाल, बटण, मी टाकलेली ती शेवटची ओळ. त्याने ऐकून घेतलं. मग उशाशी ठेवलेला तांब्या उचलला आणि पूर्ण ताकदीने मला मारला. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं, पाच टाके पडले नंतर. आई धावत आली तर तो म्हणाला, "तू जा आत. आमचं चाललंय."

मग मला म्हणाला, "वाच."

मी एका हाताने पदर कपाळाला दाबून सतराच्या सतरा वाचले. मध्ये थांबले की तो म्हणायचा, पुढे. नखांचं आलं तेव्हा त्याने स्वतःची बोटं बघितली.

"यंत्रावर विश्वास ठेवायला पाहिजे होता, असं मी म्हणणार नाही," तो शेवटी म्हणाला. "मी पण नसता ठेवला. असलं कोण खरं मानेल?"

मला रडू फुटलं. वाटलं, सुटले.

"पण तू सतरा वेळा वाचलंस, चपला आहेत, चपला आहेत," तो म्हणाला. "तुझं कामच विचारायचं. एक फोन करायचा होता. भाऊ, या चपला कसल्या? मी सांगितलं असतं की गं."

तुम्ही खाली कितीही कारणं लिहा, मी सगळी वाचेन. त्या यंत्राला कसं कळलं याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण भाऊ मला ते विचारत नाही. तो विचारतो की फोन का नाही केलास.